आजीच्या मागची आत्या

गुरुवारी सकाळी आमच्या डॉक्टरबाईंनी इलेक्ट्रिशियनची खालची दाढ काढली, आणि त्याच सकाळी मला कळलं की माझ्या सख्ख्या भावाने मला यादीतून काढलंय.

मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, घाबरलेल्यांना धीर द्यायचा आणि फारच शहाणपणा करणाऱ्यांना थोडं घाबरवायचं, ही माझी कामं. इलेक्ट्रिशियन आमच्या ओळखीचा. धाकट्याच्या नव्या दुकानातलं वायरिंग त्यानेच केलं होतं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. पन्नाशीला टेकला तरी तो माझ्यासाठी धाकटाच आहे. ऑफिसातली नोकरी सोडून त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं होतं, आणि घरात या विषयावर बोलायची बंदी होती, कारण बोललं की मी बोलत सुटते.

गालात कापूस कोंबलेला इलेक्ट्रिशियन काउंटरपाशी आला आणि म्हणाला, "थाई, लविवारी भेथूच. दुखान उघदतंय ना! मेथेज आला मला."

"कसला मेसेज?"

"थगळ्यांना आलाय." मग तो खुशीत येऊन आणखी काहीतरी बोलला. "आनि थुमच्या हथ्थे..." अर्धा जबडा बधीर, त्यात कापूस. मला ऐकू आलं 'हप्ते.'

"आमच्याकडे हप्ते नाहीत," मी म्हटलं. "एकदम भरा."

तो गरीब गाईसारखा माझ्याकडे बघत राहिला, पैसे भरले आणि गेला.

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. इलेक्ट्रिशियनला आमंत्रण! त्याचं कौतुकच आहे, वायरिंग छान करतो. पण मी? मी काय रस्त्यावरची आहे? फोन उघडून पाहिला, बंद करून परत पाहिला. कोणाचाही मेसेज नव्हता. मी एकटी राहते, त्यामुळे घरात दुसऱ्या कोणाला आलाय का हे विचारायचीही सोय नव्हती.

कारण मला ठाऊक होतं. महिन्याभरापूर्वी धाकट्याने मला रंगवलेलं दुकान दाखवायला नेलं होतं. भिंती हिरव्या, शटर हिरवं, आतला टेबलही हिरवा. माझ्या तोंडून निघून गेलं, "सायकलचं दुकान आहे की ऑपरेशन थिएटर?" तो हसला नाही. तेव्हापासून त्याचा फोन नाही, आणि त्याचा नाही म्हणून माझाही नाही. आईचा दोनदा आला. ती त्याच्याकडेच राहते. मी उचलला नाही. एकदा रुसायचं ठरवलं की माझं काम चोख असतं.

माझ्या खणात एक घंटी होती. सायकलची जुन्या पद्धतीची गोल घंटी, सुताराकडून लाकडी ठोकळ्यावर बसवून घेतलेली. काउंटरवर बसणाऱ्या बहिणीने भावाच्या काउंटरसाठी आणखी काय द्यायचं? गिऱ्हाइकाने वाजवली की धाकटा सायकलीखालून बाहेर येईल, असं मी मनात रंगवलं होतं. त्या संध्याकाळी मी ती खणातून काढली आणि स्क्रू पिळून दवाखान्याच्या काउंटरवर पक्की बसवून टाकली. गेला उडत, म्हटलं.

पण रागाच्या भरात केलेली कामं रागापेक्षा जास्त टिकतात. शुक्रवारी दवाखाना उघडताच घंटी वाजली.

झालं होतं असं. गुरुवारी दवाखान्यातला पाण्याचा पंप बिघडला. शुक्रवारच्या पेशंटना शनिवारी या म्हणून कळवायचं होतं. डॉक्टरबाईंनी परस्पर माझ्या भाचीला फोन केला. ही धाकट्याची मुलगी, आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसलेली मी पाहिलेली नाही. तिने नुकतंच प्रोग्रॅम लिहायला शिकायला सुरुवात केली होती. भाषेचं नाव पायथन, म्हणजे अजगर. सुस्त प्राण्याचं नाव इतक्या घाईच्या कामाला कोणी दिलं देव जाणे. नावांची यादी दिली की भिंगरीचा प्रोग्रॅम एकेकाला मेसेज पाठवायचा. भेट रद्द केलेल्यांना वगळायचा.

यादी दिली. प्रोग्रॅम चालला. शेवटी पडद्यावर 'काम पूर्ण' असं आलंसुद्धा. आणि शुक्रवारी सकाळी बेकरीवाले, पोस्टमन आणि गाणं शिकवणाऱ्या बाई अशा तिघांनी काउंटरवर येऊन आळीपाळीने घंटी वाजवली. कोणालाच मेसेज नव्हता. गाणंवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मी तीन बस बदलून आले." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाचीला बोलवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी नाइलाजाने बोलावलं. भावाशी अबोला आणि त्याच्या पोरीशी काम, अशी माझी अवस्था होती.

शनिवारी भिंगरी लॅपटॉप काखोटीला मारून आली. आल्या आल्या तिने घंटी वाजवली. "अय्या, ही कुठून आणलीस?"

"हात लावू नकोस."

ती गप्प बसली. तिच्या मम्मीने तिला दम देऊन पाठवलं होतं हे मला नंतर कळलं: आत्यापाशी दुकानाचा विषय काढायचा नाही, ती आणि बाबा काय ते बघून घेतील. मला मात्र तेव्हा वाटलं, बघा, पोरीलाही लाज वाटतेय. मीही मूग गिळून बसले. बाकावर पेशंट दाटीवाटीने बसले होते, दोन दिवसांची गर्दी एका दिवसात आलेली.

भिंगरीने काउंटरच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडला. "काही चुकलेलंच नाही गं यात," ती पुटपुटली. "चुकलं असतं तर लाल अक्षरं आली असती."

"म्हणजे तो बिनचूक चुकतो."

"तसंच म्हण." तिने मला ओळी दाखवल्या. इतकं साधं लिखाण असेल असं मला वाटलं नव्हतं. यादीतलं प्रत्येक नाव घे. रद्द असेल तर यादीतून काढून टाक. नसेल तर मेसेज पाठव. मग पुढचं नाव. झालं.

"हे तर मीही केलं असतं," मी म्हटलं.

"तेच ना. मग तीनच जण कसे राहिले?"

तिने आधी नावांना आकडे घालून पाहिले. तिच्या भाषेत मोजणी शून्यापासून, म्हणून पहिला, दुसरा, तिसरा असं नाही, शून्यावा, पहिला, दुसरा. "शून्यावा पेशंट म्हणजे कोण? डॉक्टरबाई?" मी विचारलं. ती हसली नाही, कामात होती. पुन्हा प्रोग्रॅम चालवला, या वेळी खोट्या नंबरांवर. आता मात्र पडद्यावर लाल अक्षरं आली.

"हे काय म्हणतंय?"

"म्हणतंय की यादी संपली, आणि तू पुढच्याला हाक मारतेयस. मी आधी मोजून ठेवलं होतं किती जण आहेत ते. मधेच काही काढले, यादी आखूड झाली, आणि हा आपला जुन्याच आकड्यापर्यंत जायला निघाला."

"रिकाम्या बाकाला 'पुढचे या' म्हणून ओरडल्यासारखं."

"हो! पण ही चूक वेगळी आहे. ही निदान ओरडते. आपली गप्प बसून चुकतेय." तिने केसांत पेन खुपसलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, गप्प बसून चुकणाऱ्यांची आमच्या घरात काही कमी नाही.

तेवढ्यात आतून हाक आली, म्हणून मी कार्डांचा गठ्ठा घेऊन उठले. आमची पद्धत अशी. डॉक्टरबाईंच्या दाराला लागून लांब बाक आहे. दारापाशी बसलेला आत जातो आणि बाकीचे एकेक जागा पुढे सरकतात. कोणाला सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं सरकून सरकून बाक एका रेषेत गुळगुळीत झालाय. मी दाराकडून सुरुवात करते, एकेकासमोर थांबून विचारते, कुठला दात, कुठलं औषध चालू आहे, आणि कार्डावर लिहून पुढच्या जागेसमोर जाते.

दारापाशी बेकरीवाले होते. त्यांचं लिहून घेतलं, आणि लगेच ते आत गेले. डोकं कार्डात आणि मन धाकट्याच्या हिरव्या शटरात. मी एक पाऊल पुढे टाकलं. "कुठला दात?"

"वरचा, डावीकडचा," पोस्टमन म्हणाले. मी लिहू लागले.

"आणि मी?" मागून आवाज आला. गाणंवाल्या बाई बेकरीवाल्यांच्या जागेवर सरकून बसल्या होत्या, दाराला अगदी चिकटून. मी त्यांना ओलांडून पुढे गेले होते. "काल मेसेज नाही, आज कार्ड नाही. मी दिसत नाही का तुम्हाला?"

मी तोंड उघडणार इतक्यात काउंटरकडून किंकाळी आली. आतून डॉक्टरबाईंनी "काय झालं?" म्हणून विचारलं, आणि बेकरीवाल्यांनी घाबरून "मला नाही, मला नाही" असं काहीसं म्हटलं.

"आत्या! हेच! हेच झालंय!" भिंगरी धावत बाकापाशी आली आणि बाकाकडे बोट दाखवू लागली, जणू गुन्हेगार सापडला. "बेकरीवाले काका उठून गेले. बाई त्यांच्या जागी सरकल्या. आणि तू पुढच्या जागेवर गेलीस. तू माणसं मोजत नव्हतीस, जागा मोजत होतीस! प्रोग्रॅमसुद्धा जागाच मोजतो. एकाला काढलं की मागचा पुढे सरकतो, आणि हा त्याला ओलांडून निघून जातो. ज्याला काढलं त्याच्या मागचा माणूस दर वेळी राहतो!"

गाणंवाल्या बाईंनी विचार केला. "म्हणजे माझ्या आधीच्यांनी भेट रद्द केली होती?"

मी वहीत बघितलं. केली होती. पोस्टमनच्या आधीच्यांनीही केली होती, आणि बेकरीवाल्यांच्याही. तिघंही रद्द झालेल्या माणसाच्या पाठीमागे उभे असलेले.

"म्हणजे राग माझ्यावर नव्हता," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

उपाय भिंगरीने चहा निवायच्या आत केला. यादीची आधी एक प्रत काढायची. चालायचं प्रतीवरून आणि खोडाखोड मूळ यादीत करायची. मग मूळ यादीतले लोक कितीही सरकोत, प्रत जागची हलत नाही, आणि कोणी ओलांडलं जात नाही. दोन अक्षरांची दुरुस्ती. तिने खोट्या नंबरांवर चालवून बघितली, तिघंही आले. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी रागात आहे हेच विसरले.

"हुशार आहेस," मी म्हटलं. "हा प्रोग्रॅम मुळात लिहिलास कधी?"

"मागच्या आठवड्यात. बाबांच्या दुकानासाठी." बोलून गेली आणि तिने जीभ चावली. "तोच दवाखान्याला वापरला. फक्त नावं बदलली."

मी कार्डांचा गठ्ठा खाली ठेवला. "त्या यादीतही कोणाला काढलं होतंस?"

"घरच्यांना. त्यांना कशाला मेसेज? आजी, बाबा, मम्मी..." तिची बोटं लॅपटॉपवर गेली. मीही वाकून बघायला लागले.

तिच्या फोनमधली नावं, अनुक्रमे लावलेली. सगळ्यात वर अकाउंटंट. त्याखाली आजी. आजीखाली आत्या. आत्याखाली इलेक्ट्रिशियन.

आजीला यादीतून काढलं, मी आजीच्या जागेवर सरकले, आणि प्रोग्रॅम मला ओलांडून सरळ इलेक्ट्रिशियनकडे गेला. रंगाचा संबंध नव्हता. माझ्या तोंडाळपणाचाही नव्हता. ज च्या पुढे त येतो, एवढाच माझा गुन्हा.

"आत्या," भिंगरी रडकुंडीला आली, "तुला मेसेज गेलाच नाही? आम्हाला वाटलं तू अजून रागावली आहेस! बाबा रोज विचारतात, ताईचं काही उत्तर आलं का."

"रोज?"

"दिवसातून तीनदा."

मला हसावं की तिला एक लगावून द्यावी कळेना. शेवटी डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कळलं. "पाठव," मी म्हटलं. "आता पाठव. दुरुस्त करून."

तिने पाठवला. माझा फोन काउंटरवर थरथरला. हात ओले होते, पदराला पुसून उघडला. धाकट्याची भाषा लगेच ओळखू आली: 'रविवारी सकाळी दहाला माझ्या सायकल दुकानाचं शटर माझ्या ताईच्या हस्ते उघडेल. तिला रंग आवडलेला नाही. तरी ती येईल. तुम्हीही या.'

हे सगळ्या गावाला माहीत होतं. अकाउंटंटला माहीत होतं. इलेक्ट्रिशियन बिचारा अर्ध्या तोंडाने मला तेच सांगत होता, आणि मी त्याला हप्ते नाहीत म्हणून हाकललं.

"तोंडाने का नाही सांगितलं त्याने?" मी विचारलं.

"बाबा म्हणाले, ताईसमोर माझे शब्द पळून जातात. लिहिलेलं बरं."

मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "आहेस का? मला वाटलं तुझा फोन बिघडला." मी सांगितलं, उद्या येतेय. ती म्हणाली, "येणारच. शटर कोण उघडणार?" तिच्या लेखी हा प्रश्नच नव्हता.

इकडे भिंगरी यादी पुढे बघत होती. बाबांना काढलं त्यामुळे त्यांच्या मागचं 'बाबा ऑफिस' राहिलं होतं. "जुन्या साहेबांना गेला नाही. हे बरंच झालं," ती म्हणाली. मग मम्मी. मम्मीच्या मागे कोण? तिने कपाळाला हात लावला. "आत्या, मामा! मामा राहिलाय, आणि मामीला गेलाय!"

मी भावजयीच्या भावाला चांगली ओळखते. रुसण्यात तो माझ्या तोडीचा. मामीला फोन लावला तर ती म्हणाली, "अगं, चार दिवस झाले, भांडी अशी आपटतायत की शेजारी विचारायला आले. म्हणतात, तुला बोलावलंय ना, तू जा, मी माझा बसतो." मी म्हटलं, त्यांना फोनवर घ्या. सगळं समजावून सांगितलं. मामा म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही नव्हता?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला ऐकू आला.

लॅपटॉप बंद करताना भिंगरीने विचारलं, "आत्या, तुझं नाव वर घेऊ का? सगळ्यात वर, आजीच्याही आधी? म्हणजे पुन्हा असं व्हायचं नाही."

"नको," मी म्हटलं. "आईच्या मागेच राहू दे. तिथे बरं वाटतं. फक्त..." मला बोलायचं नव्हतं, पण बोलले. "उद्या कधी ती उठून गेली ना, तर मला ओलांडून पुढे जाऊ नका. एवढंच."

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. लहान आहे, पण बावळट नाही. ती उठली, ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि काउंटरवरची घंटी सोडवायला लागली.

रविवारी दुकानासमोर गर्दी होती. मामा सगळ्यात आधी येऊन उभे होते, नवा शर्ट घालून. इलेक्ट्रिशियनचा गाल उतरला होता. मला बघताच तो खणखणीत आवाजात म्हणाला, "ताई, तुमच्या हस्ते! हेच सांगत होतो मी!" मी त्याच्यासमोर कान पकडले, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

धाकटा पुढे आला. हात पुसत होता, हात स्वच्छ असूनही. "मेसेज उशिरा मिळाला म्हणे," तो म्हणाला.

"मिळाला ना."

"रंग..."

"रंग वाईटच आहे," मी म्हटलं. "किल्ली दे."

तो हसला. महिन्याभराने हसला. शटर अर्ध्यावर अडकलं, तेव्हा त्याने खालून हात लावला आणि आम्ही दोघांनी मिळून ते वर ढकललं. आत हिरव्या टेबलामागे एकच खुर्ची होती, तिच्यावर मागच्या दाराने आणून आईला बसवलं होतं. मी घंटी टेबलावर ठेवली. आईला ती वाजवायचीच होती, आणि बसून हात पोचेना, म्हणून ती टेबलाला धरून उठली. सगळे तिच्याकडे बघत होते, भिंगरी फोटो काढत होती.

धाकट्याने मागे वळूनही पाहिलं नाही. पायाने खुर्ची हळूच माझ्याकडे सरकवली. "ताई, बस तू," तो म्हणाला.

मी बसले. खुर्ची अजून ऊबदार होती.